कपाट गेलं, लाकूड राहिलं

आत्याचं कपाट तरंगलं, हे मला आधी खरंच वाटेना. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, भिंतीला रंग काढायचा म्हटला की चौघांनी धरून सरकवावं लागायचं असं ते धूड. पण सागवान पाण्याहून हलकं असतं. घनफूटभर पाण्याचं वजन 28 किलो, तेवढ्याच सागवानाचं 18-19. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणातल्या तिच्या घरात शिरलं आणि बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेलं. कपाट पायांवरून उठलं, माजघरभर फिरलं, दाराच्या चौकटीवर आपटलं आणि पाणी ओसरलं तेव्हा उताणं पडून राहिलं. आत्या आणि तिची सून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पाणी ओसरेपर्यंत ते ऐकत होत्या. "कुणीतरी खालून दार ठोठावतंय असंच वाटत होतं गं," आत्या नंतर म्हणाली.

मी पोचले चौथ्या दिवशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांतून काढलेल्या सामानाचे ढीग होते. गाद्या, फ्रिज, वह्या, धान्याच्या फुगलेल्या गोण्या. सगळ्यात जास्त होती ती प्लायवूडची कपाटं. त्यांचे थर सुटून पानापानांनी उघडले होते, सनमायका केळीच्या सोपटासारखा वळला होता. आतेभावाने आमचं कपाटही ढिगावर टाकायच्या यादीत धरलं होतं. मीही त्याच्याच बाजूची होते. चिखलाचा तो वास, घरात रोगराई पसरण्याची धास्ती आणि पंचाहत्तरी उलटलेली आत्या, एवढं समोर असताना लाकडाचा विचार कोण करणार? आत्याने खुर्ची ओढली, कपाटाशेजारी मांडून बसली आणि म्हणाली, "हे नाही." पुढे कुणी बोललं नाही.

आठव्या दिवशी मिस्त्री आले. साठीच्या आसपासचे, आत्याच्या घरचे दरवाजे-खिडक्या तीस वर्षं तेच बघतात. त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी होतं. त्यांचे रंधे आणि पटाश्या गंजून लाल झाल्या होत्या, ते सगळं रॉकेलमध्ये बुडवून ते आले होते. त्यांनी कपाटावरून हात फिरवला, बोटाच्या पेराने फळ्या वाजवल्या, बुडाशी पटाशीचं टोक दाबलं. तिथे ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. वर येत येत दाबत गेले. फूटभर वर टोक अडलं. मग ते उभे राहिले.

"काकी, कपाट गेलं," ते म्हणाले. "लाकूड आहे."

हे वाक्य तेव्हा मला नुसतं धीर देण्यासाठी बोलल्यासारखं वाटलं. नंतर सात-आठ महिने त्यांचं काम पाहिलं, तेव्हा ते किती नेमकं होतं ते कळलं. वडिलोपार्जित वस्तू मोडली की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक तर ती होती तशीच उभी करायची, नाहीतर टाकून द्यायची. कपाट आणि त्याचं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीचा शोक करून झाल्याशिवाय दुसरीचा हिशेब मांडता येत नाही, हे मला त्या माजघरात उभं राहून समजलं.

ते बूड एका पुरात कुजलेलं नव्हतं. 26 जुलै 2005 च्या पुरातही हे कपाट भिजलं होतं. तेव्हा घाईघाईत पुसून, वरून ऑइलपेंट मारून ते परत भिंतीला टेकवलं गेलं. मागची फळी फुटली होती, तिच्या जागी प्लायवूड ठोकलं. आतला ओलावा रंगाखाली कोंडला गेला, पायांना वाळवीने बाहेरून हात लावला नाही पण कडेचं पांढरं लाकूड भुंगेऱ्यांनी आतून खाल्लं. सागवानाचा पिवळट-तपकिरी गाभा कीड सहसा खात नाही. त्यातली तेलं आणि द्रव्यं तिला मानवत नाहीत. गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या भागात मात्र पिष्ट असतं, ते तिचं अन्न. जुन्या सुताराने पांढरी कड शक्यतो काढून टाकली होती, पण पायांत जाडी हवी म्हणून थोडी ठेवली होती, आणि सोळा वर्षांत तेवढीच गेली. मिस्त्रींनी ती बोटाने चुरली तर पिठीसारखा भुसा खाली पडला.

पहिलं काम होतं थांबण्याचं. हे काम आतेभावाला सगळ्यात जड गेलं, कारण घर लवकर लावून टाकायचं होतं. मिस्त्रींनी कपाट नळाच्या पाण्याने धुतलं, मऊ कुंचल्याने खाचांतला चिखल काढला आणि पडवीत, उन्हापासून लांब, विटांवर ठेवलं. उन्हात का नाही, असं मी विचारलं. ओल्या लाकडाची वरची बाजू उन्हाने लवकर सुकते आणि आकसते, आतली ओलीच राहते. मग फळीला चीर पडते किंवा पीळ बसतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. फुगतं आणि आकसतं ते रुंदीत. सुतारकामाचं निम्मं शहाणपण या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि पुरानंतर हेअर ड्रायर, हीटर लावून फर्निचर वाळवणाऱ्या शंभर घरांत नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते.

गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीनंतर त्यांनी कपाट सोडवायला घेतलं. मी मुद्दाम चार दिवस जाऊन राहिले.

मला वाटलं होतं, हातोडी घेऊन फोडाफोड होईल. प्रत्यक्षात त्यांनी मोगरीने हळूहळू ठोके दिले आणि सांधे आपणहून सुटत गेले. त्याचं कारण सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा चिकट पदार्थ पूर्वी सुतार गरम करून वापरत. पाण्याने आणि उबेने तो पुन्हा सैल होतो. पुराने सगळे सांधे मोकळे करून ठेवले होते. फळीच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत, आणि आरपार बांबूची खुंटी. खिळा जवळजवळ नाहीच. 1959 नंतर फेविकॉल आला आणि सरसाची ती वास मारणारी किटली सुतारांच्या दुकानांतून हळूहळू गेली. फेविकॉलचा सांधा पक्का असतो, पण उलगडत नाही. ओढलं तर शेजारचं लाकूड फाटतं. सरसाने जोडणाऱ्या सुताराला आपलं काम उद्या कुणीतरी सोडवणार आहे हे गृहीतच होतं, असं मला ते सांधे बघताना वाटत राहिलं.

एका बाजूफळीच्या आत, कुणालाच कधी न दिसलेल्या जागी, पेन्सिलीच्या खुणा होत्या. दोन रेघा, एक फुली आणि मोडी लिपीत लिहिलेला आकडा. मिस्त्रींनी ती फळी बाजूला ठेवली. "हिच्यावर रंधा नाही मारायचा," एवढंच बोलले.

हे लाकूड बर्माचं, असं आजोबा सांगत. आमच्या घरात त्या कपाटाला नावच होतं, "बर्मा". कोकणातल्या कितीतरी घरांत एखादा पलंग, एखादा झोपाळा असाच अभिमानाने "बर्मा सागवान" म्हणून दाखवला जातो. त्या दोन शब्दांमागे केवढा इतिहास आहे, हे मी रत्नागिरीला थिबा राजवाड्यात उभी असताना पहिल्यांदा जुळवलं. 1863 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातून सागवान काढत होती. जेवढे ओंडके नेले तेवढे दाखवले नाहीत, या आरोपावरून थिबा राजाच्या दरबाराने 1885 मध्ये तिला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्यात राजधानी मंडाले पडलं. थिबा राजाला देशाबाहेर काढलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला तो 1910 च्या सुमाराला, आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. सागवानाच्या ओंडक्यांवरून ज्याचं राज्य गेलं तो राजा आपल्या कोकणात तीस वर्षं समुद्राकडे बघत बसला होता, आणि त्याच्या जंगलातलं लाकूड बंदरांवर उतरत होतं. "बर्मा" हा शब्द मी आता पूर्वीसारखा मिरवत नाही. पण त्यामुळे ते लाकूड टाकून देणं मला आणखीच अशक्य झालं. एवढी किंमत मोजून आलेली वस्तू ढिगावर कशी टाकायची?

तसं लाकूड आता उभं राहणारही नाही. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या झाडाची वर्तुळं दाट, गाभा मोठा. केरळात निलांबूरला 1840 च्या दशकात सागवानाची लागवड सुरू झाली, आणि आज बाजारात मिळणारं सागवान बहुतेक लागवडीचं, लवकर तोडलेलं. त्यात पांढऱ्या लाकडाचं प्रमाण जास्त. आत्याने विचारलं होतं, "हे अजून किती टिकेल?" मी तिला मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची बांधलेली आणि 1817 मध्ये पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका सांगितली. ती अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आत्या म्हणाली, "म्हणजे आपलंही तरंगलं त्यात नवल नाही." पुरानंतर ती पहिल्यांदा हसली.

मग हिशेब. मिस्त्रींनी वहीत लिहून काढलं: दोन बाजूफळ्या, बूड कापून राहिल्या पाच फूट तीन इंच. पाच आडव्या फळ्या, चार फूट बाय एक फूट चार इंच. त्यातल्या दोन चिरलेल्या, तीन धड. दोन दारं, एकाची चौकट तुटलेली, दिलहे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळ्या, धड. वरची नक्षीची पट्टी अखंड. दोन खण अखंड. जाडी सगळीकडे आठ सूत, म्हणजे पुरा एक इंच, रंधा मारल्यावर सात सूत राहील. "आता सांगा, काय काय हवं?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घरं किती?"

आजोबांच्या पाच मुलांची पाच घरं. त्यातलं एक आता पुण्यात, एक डोंबिवलीत, एक गोव्यात फोंड्याला, एक अमेरिकेत, आणि चिपळूणची आत्या. कपाट आत्याकडे राहिलं याची थोडी सल इतर चार घरांत होतीच. ती कुणी बोलून दाखवत नसे. धड कपाट पाच जागी जाऊ शकत नव्हतं. मोडलेलं जाऊ शकत होतं. फोनवर फोन झाले. पुण्याच्या चुलतभावाला कॉफी टेबल हवं होतं, डोंबिवलीच्या बहिणीला भिंतीवर लावायला नक्षी. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि आडव्या फळ्यांवर हात ठेवून म्हणाले, "हे पाट आहेत." चार फुटांतून दीड-दीड फुटाचे दोन, असे तीन फळ्यांचे सहा. पाच घरांना पाच आणि एक राहिला. तो मिस्त्रींनी घ्यावा असं आत्याने सांगितलं. ते आधी नको म्हणाले, मग घेतला.

पाट ही वस्तू साधी दिसते. फळी आणि खाली दोन पट्ट्या. पण त्या पट्ट्या फळीच्या रेषेला आडव्या असतात, आणि त्या चिकटवून किंवा खिळे मारून घट्ट केल्या तर पावसाळ्यात फळी रुंदीला फुगताना त्या तिला अडवतात, मग फळी तडकते किंवा बाक घेते. मिस्त्रींनी फळीच्या पोटात तिरक्या कडांची खाच काढली आणि पट्टी एका बाजूने सरकवत आत नेली. सरस नाही, फेविकॉल नाही. पट्टी निसटत नाही, आणि फळीला श्वास घ्यायला जागा राहते. त्या पट्ट्या तुटलेल्या दाराच्या चौकटीतून निघाल्या. पहिला पाट पुरा झाला तेव्हा त्यांनी तो जमिनीवर ठेवला, चारी कोपऱ्यांवर बोट दाबून बघितलं. हलला नाही. मला तो दिवस माझ्या लग्नाच्या दिवसाइतका लख्ख आठवतो.

दारांच्या दिलह्यांचे दोन चौरंग झाले. वरची नक्षी देव्हाऱ्याची कमान झाली. ती डोंबिवलीला गेली, भिंतीवर नाही तर देवांच्या डोक्यावर. खण तसेच ठेवून त्यांना घर केलं, लिहायचं बैठं मेज झालं, तेच पुण्याने कॉफी टेबल म्हणून आनंदाने नेलं. चिरलेल्या फळ्यांतून फोटोच्या चौकटी, खुंट्या आणि मूठभर पाचरी निघाल्या. पाचरीही आत्याने डब्यात भरून ठेवल्या आहेत.

एका गोष्टीला मात्र मिस्त्रींनी साफ नकार दिला. अमेरिकेतल्या बहिणीने पोळपाट मागितला होता. कपाटातलं काहीतरी रोज हाताखाली यावं ही तिची इच्छा किती खरी होती ते तिच्या आवाजातच कळत होतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, पुराचं पाणी प्यालेलं लाकूड आहे. गटाराचं, संडासाचं, रॉकेलचं पाणी. त्याच्यावर कणीक नाही लाटायची." दुसरं कारण मी त्यांना सांगितलं, कारण ते मला वाचनात आलं होतं. 2005 साली मारलेल्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर आपण कोरडा पॉलिश पेपर घासतो तेव्हा ती धूळ थेट फुप्फुसात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा धोका सगळ्यात जास्त. हे ऐकल्यावर मिस्त्री बराच वेळ गप्प बसले. चाळीस वर्षं ते तोंडाला काही न बांधता रंग घासत आले होते. मग रंग काढायचं काम घराबाहेर, लाकूड ओलं ठेवून, खरवडणीने आणि तोंडाला मास्क बांधून झालं. खरवड गोळा करून पिशवीत बांधली. हा मजकूर वाचणाऱ्या ज्यांच्या घरी जुनं रंगवलेलं कपाट आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लहान मूल घरात असताना ते घासायला काढू नका.

रंगाखाली जुनं पॉलिश निघालं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं. पाण्याने ते दुधासारखं पांढरं पडलं होतं. नव्या वस्तूंना मिस्त्रींनी तेच चढवलं. पाटांना मात्र नुसतं जवसाचं तेल, कारण पाट पुसले जाणार, कधीमधी ओले होणार, आणि तेल घरच्या घरी पुन्हा लावता येतं. भुंगेऱ्यांसाठी टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून आधीच दोन हात दिले होते. लोखंड शोधायला त्यांनी फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून फळ्यांवरून फिरवला. 2005 च्या दुरुस्तीतले सात खिळे सापडले. जुन्या लाकडाला गिरणीवाले हात का लावत नाहीत ते तेव्हा उमगलं. एक खिळा लागला की करवतीचं पातं जातं.

याच सुमारास मी पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात आणि मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात फिरून आले. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, कोनाड्यांच्या चौकटी तिथे घनफुटावर विकल्या जातात. हे चांगलंच आहे; ती तुळई जळणात जाण्यापेक्षा कुणाच्या जेवणाच्या टेबलात गेलेली बरी. पण एक गोष्ट बघून जीव तुटला. धडधाकट, एकही सांधा न हललेला शिसवी पलंग, नुसता जुन्या घाटाचा म्हणून, पाय कापून बाक करायला दिलेला होता. शिसवाची झाडं आता इतकी कमी झाली आहेत की 2017 पासून शिसवाच्या साऱ्या जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली आला आहे. अशा लाकडाला करवत लावण्याआधी तीनदा विचार करायला हवा. जे दुरुस्त होतं ते दुरुस्तच करावं. सैल झालेला सांधा, हरवलेली बिजागरी, फाटलेली वेताची वीण, यांसाठी वस्तू मोडणं म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढणं. आणि दुरुस्ती करणारे हात अजून आहेत. ते हात रिकामे बसतात, कारण आपण त्यांना नवं प्लायवूड चिकटवायलाच बोलावतो.

आमच्या मिस्त्रींच्या दोन मुलांपैकी एक लोट्याला कारखान्यात आहे, दुसरा मॉड्युलर किचन बसवतो. वडलांचं हे काम त्याने आठवडाभर येऊन बघितलं. पाटाची ती तिरकी खाच त्याने स्वतः काढून बघितली, दोनदा बिघडवली, तिसऱ्यांदा जमली. तिसरा तुकडा त्याने खिशात घालून नेला.

आत्याच्या वाट्याला राहिल्या बाजूच्या दोन फळ्या. तिला पुस्तकांचं कपाट हवं होतं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ती जुनी वाचक. 1864 पासूनच्या त्या ग्रंथालयातही दोन्ही पुरांचं पाणी शिरलं, आणि भिजलेली पुस्तकं निवडायला ती पुरानंतर पंधरा दिवसांत तिथे जाऊन बसली होती. तिची स्वतःची पुस्तकं मात्र सगळी गेली होती. मिस्त्रींनी मांडणी केली, पेन्सिलीच्या खुणांची बाजू आतून दिसेल अशी. ठेवायची कुठे, यावर ते म्हणाले, माजघरात, जिथे कपाट होतं तिथेच. आत्या उठली. भिंतीवर तिने रंग मारताना मुद्दाम एक पट्टा मोकळा सोडायला लावला होता. त्यावर 2005 ची आणि 2021 ची पाण्याची रेघ आहे, दुसरी पहिलीच्या बरीच वर. तिने दुसऱ्या रेघेवर तळहात आडवा ठेवला. "याच्या वर."

"काकी, हात पोचणार नाही तुमचा."

"स्टूल आहे."

छतापर्यंत उरलेल्या जागेत मांडणी मावत नव्हती. मिस्त्रींनी दुपारभर मोजमाप केलं आणि ती आडवी करून बसवली. पाच फूट तीन इंच लांब, एकच कप्पा, पुस्तकांच्या उंचीएवढा. ब्रॅकेटला त्यांनी मोठे स्क्रू वापरले, आणि जाताना सुनेला दाखवून ठेवलं की दोन्ही टोकांचे दोन-दोन काढले की मांडणी पुस्तकांसकट दोघींना उचलून जिन्यावर नेता येईल. पेचकस तिथेच, आजोबांच्या कपाटातून निघालेल्या एका खुंटीला टांगलेला आहे.